कपाटातलं पाकीट

आमच्या घरात पॅडचं पाकीट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे असायचं. ते तिथे सासूबाईंच्या हुकमाने गेलं होतं, ती हकिकत पुढे येईलच. पौषातल्या एका रविवारी चादरी उन्हात टाकायला काढल्या आणि पाकीट हाताला लागलं. आठच दिवसांपूर्वी मी ते शहापूरहून आणलं होतं. आत दोन पॅड उरले होते.

माझी पाळी त्याआधीच्या पंधरवड्यात होऊन गेली होती. सासूबाईंची बंद होऊन सहा वर्षं झालेली. राहिली माझी मुलगी, तेव्हा नववीत शिकणारी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे गणित मला मिनिटभरात सुटलं. पोरीच्या अंगावरून भरमसाट जात होतं, आणि ती मला सांगत नव्हती.

शाळेत सातवीच्या मुलींना पाळीची माहिती देणारी बाई मीच. मुलग्यांना मैदानावर पिटाळून, दार लोटून घेऊन मी फळ्यावर गर्भाशय काढते. पोरी माना खाली घालून खुदखुदतात आणि मी दरडावते, लाजायचं नाही, विचारायचं. आता माझ्याच घरातली पोर मला विचारत नव्हती. आधी काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी राग आला.

संध्याकाळी तिला गाठलं. किती दिवस जातं, म्हणून विचारलं. पाच दिवस, म्हणाली. मग पाकीट कुठे गेलं? मैत्रिणीला दिले, म्हणाली, आणि पुस्तकात डोकं खुपसलं. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी गूळ चोरून खाल्ला की तिचे कान असेच व्हायचे.

परसात न्हाणीच्या मागे खड्डा आहे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून तिथे टाकायचे आणि आठवड्याने जाळायचे, अशी आमची पद्धत. सोमवारी शाळेतून आल्यावर मी काठी घेऊन त्या खड्ड्यापाशी उकिडवी बसले. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं मनात आलं आणि तरी मी उकरलं. नेहमीचं लाल रक्त थोडंच होतं. बाकी मळकट तपकिरी, पाणचट डाग, कडेने गुलाबीसर. एका पॅडवर काळपट गाठ. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तपकिरी जातं, ते जुनं रक्त असतं, त्याला घाबरू नका, हे मी दर वर्षी फळ्यापाशी उभी राहून सांगते. पण त्याला एक सडका वास येत होता, आणि त्या वासाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या आठवड्यात मी करू नये ते सगळं केलं. तिचा मोबाईल तपासला. दप्तर उलटं केलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या आईच्या मनात जे जे येऊ शकतं ते सगळं येऊन गेलं. शेवटी तोंडावर विचारलं, कुणी मुलगा आहे का. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, तू शाळेत पन पोरींना असंच विचारतेस का?" एवढं म्हणून ती न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं.

नवऱ्याला सांगितलं. तो वाशिंदच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. डबा भरता भरता त्याने ऐकलं, मोजे शोधले आणि म्हणाला, बायकांचं काय ते तू बघ. सासूबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. एरवी नातीला मी नुसता आवाज चढवला तरी त्या मधे पडायच्या, मला दोन शब्द सुनावायच्या. त्या आठवड्यात मी पोरीला एवढं फैलावर घेतलं आणि त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पण सासूबाईंचं एक वेगळंच दुखणं चाललं होतं, गुडघ्यांचं. आमची गावदेवी टेकडीवर आहे. साठेक पायऱ्या चढून जावं लागतं. रोजची झाडलोट आणि सांजेचा दिवा पाळी गेलेल्या बाईनेच करायचा, असा गावचा रिवाज. सासरे गेल्यापासून सासूबाईंना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, लग्नात पुढे उभं करत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची पाळी गेली आणि गावाने देवीचा दिवा त्यांच्या हाती दिला. तेव्हापासून त्यांची चालच बदलली. संध्याकाळी पाचला अंघोळ, धुतलेलं लुगडं, हातात तेलाची बाटली, आणि वाटेत भेटेल त्याला दोन गोष्टी सुनावत टेकडीकडे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरायचं तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

दिवाळीनंतर मात्र अधूनमधून चार-पाच दिवस त्या जायच्याच नाहीत. गुडघे भरून येतात, म्हणायच्या. त्या दिवसांत शेजारची एक बाई दिवा लावायची. तिचीही पाळी गेलेली होती, ती सासूबाईंहून आठ-दहा वर्षांनी लहान. आम्ही सासूबाईंना शहापूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोटो काढून सांगितलं की वयाच्या मानाने गुडघे उत्तम आहेत. बाहेर आल्यावर मी हसले, त्या हसल्या नाहीत. तरी मी मालिशचं तेल आणलं आणि महिनाभर रोज त्यांच्या गुडघ्यांना चोळलं. त्याही मुकाट्याने पाय पुढे करायच्या.

असो. मुलीला मी शहापूरला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. सहामाहीच्या निकालाला जावं तशी मी तणतणत निघाले होते, पण खुर्चीत बसल्यावर माझा धीर सुटला, कारण पोरगी घडाघडा बोलायला लागली. घरात पाच दिवस म्हणणारी मुलगी तिथे म्हणाली, महिन्यातले पंधरा-वीस दिवस जातं. मधे चार दिवस थांबतं, परत येतं. आधी तपकिरी पाणी, मग लाल. वास येतो. ओटीपोट जड होतं, कंबर धरते. दिवाळीपासून असंच आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं सोसून ही रोज डबा घेऊन शाळेत जात होती आणि मी हिचा मोबाईल तपासत होते.

डॉक्टर लिहून घेत होत्या. कपडे खराब होत असतील ना ग, असं त्यांनी लिहिता लिहिताच विचारलं.

"हो ना," मुलगी म्हणाली, "लुगड्याला डाग पडतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून मुलीच्या निळ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं. मग तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली, बोटातून थेंबभर रक्त काढायला लावलं. रक्त चांगलं होतं. मला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. बाकावर मी दहा मिनिटं बसले असेन. आतून आवाज येत नव्हता. समोर भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो मी तीनदा वाचला.

परत आत गेले तर मुलगी ओढणीने डोळे पुसत होती.

"ताई," डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरात लुगडं कोण नेसतं?"

सासूबाई, मी म्हटलं. त्यांची पाळी चालू आहे का? सहा वर्षांपूर्वी गेली, मी म्हटलं. देवळाच्या पायऱ्या, गुडघे, तेल, वर्षानुवर्षं न चुकलेला दिवा, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

डॉक्टर चिडलेल्या नव्हत्या, पण त्यांनी शब्दही मऊ केले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं की, या वयाच्या मुलीची पाळी पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखं थोडं असतं. एकेका तासाला पॅड भिजायला लागला, आठ दिवसांपुढे गेलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, घाण वास किंवा ताप आला, तर मात्र दाखवायचं. पण जिची पाळी वर्षभर बंद आहे तिची गोष्ट वेगळी.

"तिला एक थेंब दिसला तरी ती पाळी नसते. लाल असो, तपकिरी असो, नुसतं गुलाबी पाणी असो, एकदाच दिसो. त्याच आठवड्यात यायचं. पुष्कळदा साधंच कारण निघतं. पण न तपासता ते साधं आहे असं मीसुद्धा सांगू शकत नाही. तुमच्याकडे तीन महिने झालेत."

मुलीच्या नावाने काढलेला केसपेपर त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि टोपलीत टाकला. येताना आजींना घेऊन या, म्हणाल्या.

रिक्षा सापगावच्या पुलावर आली. मग मुलीनेच सांगितलं. गोठ्यात गवताच्या भाऱ्यामागे वाळत घातलेल्या चिंध्या तिला दिसल्या होत्या. आजीला विचारलं तर आजीने तिला स्वतःची शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. चिंध्या टोचतात म्हणून मग ही तिला पॅड द्यायला लागली. "मी शपथ मोडली नाय," ती म्हणाली, "डॉक्टरला मी आजीचं सांगितलंच नाय. माझं म्हणून सांगितलं. औषध दिलं असतं तर आजीला दिलं असतं." आठवडाभर माझ्या शिव्या खाऊन ती गप्प राहिली होती, कारण शहापूरला नेतील आणि औषध मिळेल, एवढीच तिची आशा होती. मी तिला जवळ घेतलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

आता ती पाकिटाची हकिकत. आमच्या घरात बायका बाहेर बसायच्या. पडवीच्या टोकाला एक खाट, एक ताट, एक तांब्या. लग्न होऊन आल्यावर मीही बसले, दर महिन्याला चार दिवस, वह्या तपासत. मुलीला पहिली पाळी आली तेव्हा सासूबाईंनी ती खाट झटकली आणि मी भडकले. माझी पोर बाहेर बसणार नाही, मी म्हटलं, आणि आजपासून मीही बसणार नाही. तीन दिवस घरात अबोला होता. चौथ्या दिवशी सासूबाईंनी हात टेकले, पण एक अट घातली. बसू नका, पण घरात कुणाला कळू पण देऊ नका. कुठली वस्तू दिसता कामा नये, कुणी शब्द काढता कामा नये. मला ती अट फारच स्वस्त वाटली. मी पाकीट वरच्या फळीवर चादरींच्या मागे ठेवलं आणि खाट मोडून तिचा गोठ्याला दरवाजा करून घेतला. पुढे कितीतरी दिवस शाळेतल्या बायकांना मी हे फुशारकीने सांगत असे.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर होत्या. मुलीचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. मी चप्पलही न काढता विचारलं, का लपवलंत? वर्षानुवर्षं एका घरात राहतो आपण, मला एक शब्द बोलला नाहीत?

"कसं बोलू?" त्या म्हणाल्या. "पडवीत बसायला जागा तरी ठेवलीस का? पूर्वी बसले असते तर बघणाऱ्याला कळलं असतं. आता घरात कळू द्यायचं नाय. ती अट पन माझीच."

मी चप्पल काढून ओट्यावर बसले. ती खाट मी मोडली याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण खाटेच्या जागी मी काहीच ठेवलं नव्हतं. शाळेतल्या परक्या मुलींना विचारा म्हणून सांगत होते आणि घरात गप्प राहण्याचा करार करून बसले होते. फार लागलं ते मला.

हळूहळू त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी दिवा लावून उतरताना पायऱ्यांवरच ओलं लागलं. घरी येऊन पाहिलं तर डाग. त्याच आठवड्यात वाडीतला एक बैल गेला. आपल्या विटाळाने देवी कोपली, हे त्यांच्या मनाने घेतलं. कुणाला कळलं असतं तर बैलाचं पाप त्यांच्या माथी आलं असतं, आणि दिवा गेला असता. म्हणून गुडघे. डॉक्टरकडे चला म्हटल्यावर त्या उठून आत गेल्या. जत्रा बारा दिवसांवर आली होती. जत्रा होऊ दे, मग बघू, आतून म्हणाल्या. मी समजावलं, आवाज चढवला, फळ्यावर काढते तसं गर्भाशय काढून दाखवलं. त्यांनी त्या कागदावर वाल सोलले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर त्या खांबाला धरून खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते. मुलीने त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "आजी, डॉक्टरनं ते सगळं माझ्या नावावर लिवून घेतलंय."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. पोरीच्या नावावर? शहापूरच्या दवाखान्यात, जिथे अर्धं गाव बसलेलं असतं तिथे? उद्या हिला बघायला येतील त्यांच्या कानावर गेलं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून. तो कागद माझ्यासमोर फाडला गेला होता. मुलीलाही ते माहीत होतं. मी म्हटलं, लिहून घेतलंय.

"मंग चल," त्या म्हणाल्या. "पोरीच्या नावावर माझं दुखणं नको. पन शहापूरला नाय. तुझ्या माहेरी मुरबाडला चल. तिथं मला कोन वळखत नाय. गावात गुडघ्याचंच सांगायचं, आनि माझ्या पोराला कळता कामा नये."

मी सगळ्याला हो म्हटलं. त्या वेळी त्यांनी चंद्रावरच्या दवाखान्यात चल म्हटलं असतं तरी मी एसटी शोधली असती.

किन्हवलीमार्गे मुरबाडला जायला दीड तास लागला. त्या खिडकीशी बसल्या होत्या, खाली दुमडलेली गोधडी घालून, आणि प्रत्येक खड्ड्याला माझा हात दाबत होत्या. तिथल्या बाई डॉक्टरांना शहापूरचं आणि गुडघ्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी सासूबाईंना विचारलं, शेवटची पाळी कधी, परत कधी दिसलं, रंग कसा, वास, वजन उतरलंय का. सासूबाई माझ्याकडे बघून उत्तर द्यायच्या आणि मी डॉक्टरांना सांगायचे, जणू दोघींची भाषा वेगळी होती. चौथ्या प्रश्नापासून त्या स्वतःच बोलायला लागल्या. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, म्हणाल्या. तो काढताना सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. रिपोर्टला आठ-दहा दिवस.

ते दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. शाळेत मी एका मुलाच्या बरोबर उत्तराला चूक दिली आणि वर त्यालाच ओरडले. जत्रा त्यातच आली. ढोल वाजत होते, पाहुणे येत होते, आणि सासूबाई टेकडीच्या पायथ्याशी दगडावर बसून राहिल्या, वर गेल्या नाहीत. येणारी जाणारी प्रत्येक बाई विचारायची, गुडघं कसं हाय? बरं हाय, त्या म्हणायच्या. वर दिवा शेजारणीने लावला. तो पेटलेला दिसला तशा त्यांनी खालूनच हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत.

रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. डॉक्टरांनी तो माझ्यापुढे ठेवून सांगितलं, कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा दिसतो. बहुधा पिशवीतच आहे. पिशवी काढायला हवी, लवकर, मोठ्या दवाखान्यात. आणखी वर्षभर गुडघे दुखत राहिले असते तर मी हे सांगू शकले नसते, असंही म्हणाल्या. परतीच्या एसटीत रिपोर्टची घडी मी मांडीवर धरून बसले होते. घरी सांगायचं कसं, याची दहा वाक्यं जुळवली आणि दहाही विसरले.

सासूबाई परसात भांडी घासत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, आहे. पण पिशवीतच आहे. काढून टाकता येईल. त्यांनी हातातली कढई घासून पूर्ण केली, धुतली, पालथी घातली.

"देवीनं दिलं का गो हे?"

"देवीने तुम्हाला पायऱ्यांवरच दाखवलं होतं," मी म्हटलं. "बघितलं नाही ते आपण." मी फार देवभोळी नाही. तरी ते माझ्या तोंडून गेलं, आणि त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि कधी जायचं म्हणून विचारलं.

नवऱ्याला सांगावंच लागलं. सही त्याची हवी होती. बायकांचं तू बघ म्हणणारा हा माणूस ते ऐकून ओट्यावर बसला तो तासभर उठला नाही. मग म्हणाला, आईचे पाय मी पण चेपायचो की गेले दोन महिने. तो रडला. मीही रडले.

कल्याणच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पिशवी, बीजकोश, सगळं काढलं. बाहेर पसरलेलं नव्हतं. पुढे औषध नको, फक्त नेमाने तपासायला यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी जिन्यात बसून घेतलं.

फाल्गुनात आम्ही त्यांना घरी आणलं. गावात गुडघ्याचं ऑपरेशन म्हणूनच सांगितलं होतं. बायका बघायला येत होत्या आणि सासूबाई गुडघ्यांवर चादर ओढून बसत होत्या. एकीने विचारलं, पट्टी कशी नाय? आतून केलंय, दुर्बिणीतून, मी ठोकून दिलं. आता मलाही या खोट्याची सवय झाली होती. काम फत्ते झालं होतं, मग कशाला उगाच बोभाटा, असंच मला वाटत होतं.

आठवड्याने शेजारीण आली, दिवा लावणारी. डब्यात पेज घेऊन आली होती. सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला टेकली, इकडचं तिकडचं बोलली, मोहाला यंदा फुलं बरी लागलीत म्हणाली. मी चहा टाकायला उठले तेवढ्यात तिने आवाज खाली आणला.

"वैनी, तुमच्या त्या गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव सांगा ना. माझं पन दुखतात हल्ली. दिवा लावायला पायरी चढवत नाय."

"कदीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"झाला महिना."

"रोज दुखतात?"

"रोज नाय." ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "चार दिवस दुखतात. मंग थांबतात. मंग परत."

मी चुलीपाशी होते. मी चहाचं आधण उतरवून ठेवलं. मुलगी उंबऱ्यात अभ्यासाला बसली होती, तिने वही मिटली. बाहेर ओट्यावर माझा नवरा सायकलचं चाक काढत होता आणि अंगणात आणखी दोघीजणी बोलत उभ्या होत्या. दार सताड उघडं होतं. मी ते लोटायला गेले.

"राहू दे ते दार," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी गुडघ्यांवरची चादर बाजूला केली. दोन्ही पाय सरळ खाली सोडले, शेजारणीचा हात हातात घेतला आणि अंगणातल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"माझं गुडघं कदीच दुखलं नाय गो."